बाहेरच्यांना खोली नाही

शेजारून सरसोंच्या तेलाचा वास आला की मला पुरानी बस्ती या आमच्या मोहल्ल्यातली, मे महिन्यातली एक दुपार आठवते. उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यात नुकताच लागलेला एक बिहारी तरुण, बायको आणि तापलेलं बाळ घेऊन, आमची रिकामी खोली मागायला आला होता. बाळाच्या अंगाला हाच वास होता. "कहां के हो?" मी विचारलं, आणि उत्तर ऐकून मालकाच्या रुबाबात म्हणालो, "बाहरवालों को नहीं देते." ते निघाले. आमच्या ओट्यावर बसलेल्या, मूळच्या इथल्याच भाजीवाल्या म्हातारीनं तिच्या बोलीत विचारलं, "अऊ तैं कहां के हस, भैया?" मी छाती फुगवली. "हम तो मराठा फौज के साथ आए थे, दाई!" भाजीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "ए मन तो पूछके आए हें. तुमन कोन ला पूछे रहेव?" हे तरी विचारून आलेत; आम्ही कुणाला विचारलं होतं? किल्ली घेऊन मी तसाच अनवाणी पळालो, तापल्या रस्त्यावर नाचत. ते दूर चौकात ऑटोत चढत होते. "भैया, ओ भैया!" ओरडलो, तर भलतेच चौघे वळले, आणि ऑटो गेला. बाकीच्या फजित्या मी अजून रंगवून सांगतो. ही सांगताना थकायला होतं. त्या माणसाचं गाव तेवढं विचारलं होतं मी, नाव नाही.