कोरा रकाना आणि गाडीवाट

"आपलं काम असते बाई, करिअर नसते."

पंचवीस वर्षांपूर्वी माझा बा हे म्हणाला होता. मला इंग्रजीत एम.ए. करायचं होतं आणि तो कापूस जिनिंगवर न्यायला बैल जुंपत होता. त्याने अडवलं नाही... पण वाक्य रुतून बसलं.

गेल्या आठवड्यात घाटंजीला, मी शिकवते त्या कॉलेजात, अकरावीच्या मुलांकडून करिअर मार्गदर्शनाचे फॉर्म भरून घेत होते. तांड्यावरून येणाऱ्या निकिताने 'करिअर'चा रकाना कोरा ठेवला. विचारलं तर हसून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे ते नाही राहत."

मीही हट्टाला पेटले. स्टाफरूममधला जाडजूड शब्दकोश काढला... आणि हसूच आलं!

लॅटिनमध्ये कार्रुस म्हणजे चाकांचा गाडा. त्यावरून गाडीवाटेला नाव पडलं. फ्रेंचमध्ये त्याचं झालं कारिएर, घोडे दौडवायची वाट. मग इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे कधीतरी नोकरीला चिकटवला.

रविवारी आमच्या तांड्यावर गेले. बा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. त्याला सगळं सांगितलं. आम्ही बंजारा, घरी गोरबोलीत बोलतो, इथे सोपं करून लिहिते.

"म्हंजे साहेबाचा शब्द गाडीवाटेतून आला?" बा खूश. मग लगेच खोट काढली. "पण आपल्या आज्या-पणज्याईपाशी गाडे कुठं होते? बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या टाकून गावोगाव हिंडत. गाड्याले वाट लागते, बैलाले नाही."

मग तासभर तोच बोलत होता. वैशाखात कोणत्या नाल्याला पाणी सापडतं, सगळ्यांत पुढे कोणता बैल ठेवायचा, त्याच्या घंटेवर मागचे कसे चालतात... आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्याला पाठ.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्याने मला कमी लेखलं. तसं नव्हतं. त्याला तो शब्दच आपल्याहून मोठा वाटत होता.

सोमवारी हे वर्गात सांगितलं. निकिताने फॉर्म परत मागून घेतलाय. अजून दिलेला नाही... विचार करतेय म्हणे.

शनिवारी कॉलेजात करिअर मार्गदर्शन आहे. मागे तिथेच माझा सत्कार झाला, तेव्हासुद्धा बा हॉलबाहेर चपलांपाशी उभा राहिला होता. ही पोस्ट आज त्याला वाचून दाखवणार आहे. "येडी झाली काय?" हेच उत्तर येणार, माहीत आहे.

तरी विचारते. बा, शनिवारी पोरांशी बोलायला येशील? खुर्ची दाराजवळच ठेवते.