आपोआप भरणारे फॉर्म

राइस मिलच्या पट्ट्यात उजवा हात गेल्यावर भावना रामटेकेनं लाखांदूरच्या बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. ब्राउझरमधलं एक फुकटचं एक्स्टेन्शन अर्धा फॉर्म आपोआप भरून देई. त्याच्या जोरावर तिचं एका हातानं भागत होतं.

एके दिवशी तिच्याकडे फॉर्म भरून गेलेल्या मंगलाबाई आल्या. "भावना, कोणाचा तरी फोन आला होता. माह्या आधारचा नंबर धडाधड सांगे. त्याले कसा मालूम?"

त्या आठवड्यात असं सांगणारी ही तिसरी बाई. भावनानं एक्स्टेन्शनची माहिती उघडली. स्क्रीनवरचं सगळं वाचायची परवानगी तिनंच देऊन ठेवली होती.

"मावशी, माह्याच कॉम्प्युटरातून गेला," ती म्हणाली आणि तिनं ते एक्स्टेन्शन काढून टाकलं.

मग डाव्या हाताच्या बोटांनी एकेक अक्षर शोधणं आलं. दुपारपर्यंत चारच फॉर्म झाले. कंटाळून बायका समोरच्या अनुपच्या दुकानात गेल्या. तिथल्या कॉम्प्युटरवर तेच एक्स्टेन्शन पूर्वी भावनानंच बसवून दिलं होतं. ते आधारचे नंबर चोरतं, काढून टाक, असं सांगायला ती धावतच गेली.

"ताई, तुमी तुमचं काढा ना. मी माह्यं कायले काढू?" अनुप म्हणाला. "किती गर्दी होऊन राहिली, पाहा."

भावना दारातच थांबली. आत बायका आपापलं आधारकार्ड पुढं करत होत्या.