हार्ड डिस्क आणि दोन बैठकी

१२ मार्च २०२४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. अकोल्यात, जठारपेठेतील माझ्या बहिणीच्या सासरी बैठक बसली होती. दोन्हीकडची मिळून नऊ माणसे. आदल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटले होते. तिच्यावर नजर ठेवायला त्यानेच बसवलेल्या कॅमेऱ्याने ते टिपले. बहिणीने त्यातले कार्ड काढून मला अमरावतीला पाठवले. फाइली मोबाइलवर उघडत नव्हत्या, म्हणून मी लॅपटॉप नेला होता.

आमच्यात मुलीकडच्यांनी बैठकीत सासरचा चहा घेतला की भांडण मिटले असे धरतात. त्यानंतर कोणी तो विषय काढत नाही. ही रीत मला ठाऊक होती. माझी चूक एवढीच, की चहा उकळायला लागणारा वेळ आणि माझ्या लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कला सुरू व्हायला लागणारा वेळ मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिला नव्हता.

पडद्यावरचे वर्तुळ फिरत राहिले. आत डिस्क खरखरत होती. नवऱ्याचा चुलता म्हणाला, "पोरी, तुया डब्बा चालू होईपर्यंत या दोघायले लेकरू होईन." माणसे हसली. तेवढ्यात ट्रे आला, आणि संकोचाने घामेजलेल्या बाबांनी समोर धरलेला कप घेतला. लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटे अकरा सेकंद लागले. तोवर सगळे उठून चपला शोधत होते. बहीण तिथेच राहिली.

सोळा दिवसांनी त्याने तिचे मनगट उंबऱ्यावर दाबून टाचेने मोडले.

दुसरी बैठक ठरली. त्याआधी मी ओळखीच्या दुकानदाराकडून हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपवर चालणाऱ्या दोन एसएसडी तपासायला आणल्या आणि प्रत्येकीवर लॅपटॉप दहादा बंद-चालू केला. साधीला सरासरी सोळा सेकंद लागले. जिच्या खोक्यावर कितीतरी पट वेग छापला होता, त्या महागडीला चौदा. रोजच्या वापरात हे दोन सेकंद कोणाच्याही लक्षात येणार नाहीत; हार्ड डिस्क काढून टाकल्याचा फरक मात्र आंधळ्यालाही कळेल. मी साधी घेतली.

या वेळी स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली, तोवर चित्रफीत सुरू झाली होती. बहिणीचे डोके भिंतीवर आदळले. पुन्हा आदळले. चुलत्याने मान वळवली. नवरा उठला आणि त्याने टीपॉयला लाथ घातली. लॅपटॉप फरशीवर आपटला, पडदा तडकून काळा झाला. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क त्या आघातात बहुधा जागीच मेली असती. हिच्यात हलणारे काहीच नव्हते. काळ्या पडद्यामागून आवाज येत राहिला: भिंत, तिचा श्वास, त्याच्या शिव्या, पुन्हा भिंत.

तो माझ्यावर धावला आणि त्याने माझे केस मुठीत धरले. बाबांनी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटून रक्त माझ्या ओढणीवर उडाले. बाबांनी कोणावर हात उचललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्याच्या भावाने त्याला मागे ओढले. चित्रफीत कोणीच बंद केली नाही.

ती संपल्यावर चुलता हळू म्हणाला, "पोरगं चुकलं, व्याही. एक डाव माफ करा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. बहिणीला म्हणाले, "चाल माय. चप्पल घाल."

अमरावतीच्या बसमध्ये तिचा प्लास्टरमधला हात माझ्या मांडीवर होता. उजव्या हाताने मी वहीत लिहिले: चित्रफीत, एकूण एक मिनिट अठ्ठावीस सेकंद, त्यांपैकी लॅपटॉप पडल्यानंतर सर्वांनी ऐकलेली, बावन्न सेकंद.