दिव्याचा भाऊ

नंदकिशोरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर पाण्याचा हंडा होता आणि सारसोळ्याच्या नळावरच्या बायका त्याला हसत होत्या. उंच, काळासावळा, विशीतला मुलगा. अंगात फुलाफुलांचा बुशशर्ट. हंडा तोलता येत नव्हता, निम्मं पाणी खांद्यावरून ओघळत होतं. त्याच्या मागून गोजरा चालली होती. तिचा उजवा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता.

"बाप्या मानूस पानी भरतंय," नळावरची एक जण म्हणाली. "गोजरा, नशीब काढलंस गो."

गोजराही हसली. हसताना तिचा ओठ पुन्हा फुटला, तो तिने पदराने टिपला.

हे त्र्याऐंशी सालच्या श्रावणातलं. मी वाशीहून एसटीने सारसोळ्याच्या शाळेत शिकवायला जात असे. गोजराची मुलगी पुतळा माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिला मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की तो मोरीस आहे. म्हणजे मॉरिशसहून आलेला. नाव नंदकिशोर देवजी.

त्याचा खापरपणजा देवजी इथूनच कुठून तरी बोटीत बसून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेला होता. घरात एवढंच माहीत होतं की खाडीकाठचं गाव आणि नावात 'सारस'. आजी वारल्यावर हा मुलगा ते गाव शोधायला निघाला. सारसोळ्यात देवजीचं नाव कुणालाच आठवेना. जेटीवर जाळं विणत बसलेल्या कान्हाने, गोजराच्या नवऱ्याने, मात्र त्याची पिशवी उचलली आणि म्हणाला, तुझा पणजा मिळो न मिळो, माझ्या घरी भात मिळेल. कान्हा तसा होता. दिलदार, जोरात बोलणारा, होडीत आणि भांडणात सगळ्यांच्या पुढे.

नंदकिशोर शाळा सुटल्यावर माझ्याकडे मराठी वाचायला शिकायला येऊ लागला. त्याला आरत्या पाठ होत्या, आपल्याकडे आता कुणी म्हणत नाही अशा जुन्या चालीत. बोलणं मात्र अडखळत, पुस्तकी, मध्येच त्यांच्या क्रिओल भाषेतला शब्द. कान्हाच्या घरात तो कसा रुळत गेला, हे मला त्याच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळलं. तांदळाची भाकरी हातावर थापायला तो शिकला. चिखलातले निवटे मासे सोलायला शिकला. ओहोटीच्या चिखलात पाय कसा टाकायचा, ते मात्र वेळेवर शिकला नाही. एकदा तो छातीपर्यंत रुतला आणि भरती यायला लागली. कान्हाने चिखलावर पालथं पडून, त्याच्या काखेत दोर घालून त्याला ओढून काढलं. त्यात कान्हाच्या स्वतःच्या तळहाताची सालटी निघाली.

त्याच संध्याकाळी भाकरी करपली म्हणून कान्हाने वल्ह्याच्या दांड्याने गोजराला मारलं. हात त्या वेळी मोडला. नंदकिशोर ताट घेऊन उंबऱ्याशी बसला होता. तो उठला, तेव्हा कान्हाची आई शेवंताबाई त्याच्या ताटात कालवण वाढत म्हणाली, "जेव रं पोरा. घरातला मामला हाय."

तो जेवला. मला हे सांगताना त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हंडा उचलला होता, तो मी पाहिलेला.

त्या घरात मार नवा नव्हता. खाडीत भराव पडत होता, मासा कमी होत होता, कान्हा पीत होता, हे सगळं खरं. पण खाडी माशांनी भरलेली होती तेव्हाही गोजरा मार खातच होती. जाळ्याला गाठ सैल बसली तर तिच्या पाठीत लाथ. बाजारातून उशीर झाला तर केस धरून मासळीच्या टोपलीवर डोकं. पुतळा कधी कधी वर्गात यायची आणि पाटी डोक्याखाली घेऊन झोपून जायची. मी उठवत नसे.

गणपतीत कान्हाने नंदकिशोरला घरोघर फिरवलं, आरत्या म्हणायला लावल्या. "माजा धाकटा भाऊ," सगळ्यांना सांगायचा. गणपती गेल्यावर होडीत नंदकिशोरने विषय काढला. दादा, वहिनीला मारू नका. कान्हा रागावला नाही. त्याने वल्हं आत घेतलं आणि याच्या कानाखाली एक वाजवली, लहान मुलाला द्यावी तशी.

"तू माजा भाऊ हायस," तो म्हणाला. "दिरानं वयनीच्या मधी पडायचं नसतं. तुमच्याकडं शिकवत नाय का?"

दुसऱ्या दिवशी गालावर बोटं उमटलेली घेऊन तो माझ्याकडे आला. त्याने सरळ विचारलं, दीर मध्ये पडत नाही, तर मग कोण पडू शकतं? मी सांगितलं, बाईचा भाऊ. माहेरचा भाऊ येऊन ओसरीवर बसला, तर गावातला कसलाही नवरा हात आवरतो. बहिणीला घेऊन जायचा हक्क भावाचा असतो, आणि त्याला कुणी अडवत नाही. पण गोजराला भाऊ नाही. ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

भाऊबीजेची गोष्ट मला पुतळाने सांगितली, नंतर गोजरानेही. चंद्राची कोर दिसल्यावर गोजरा तबक घेऊन अंगणात आली, तर नंदकिशोर धुतलेला शर्ट घालून, डोक्यावर रुमाल घेऊन पाटावर बसलेला. ती थबकली. शेवंताबाई आतून म्हणाली, तो दीर लागतो, त्याला कसली ओवाळतेस. शेजारणी कुंपणाशी उभ्या होत्या. गोजराने क्षणभर कोरीकडे पाहिलं आणि याला ओवाळलं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून तबकात टाकलं.

कान्हा खूप हसला. नंदकिशोरच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "आता तू माजा साला झालास रं. आता शिव्या खायची तयारी ठेव."

गावाला ती गंमत वाटली. एकट्या पोराचं मन राखलं, एवढंच. मीही तसंच समजले. पण नंदकिशोरच्या देशात, त्याच्या मळ्यावर, पहिली माणसं उतरली तेव्हा कुणाचेच नातेवाईक बरोबर नव्हते. त्यांनी दिव्यासमोर नाती लावून घेतली. दिव्याचा भाऊ म्हणत त्याला. तो मेला तर सुतक पाळायचे, त्याचं कर्ज फेडायचे, बहिणीवर हात पडला तर धावून जायचे. रक्ताचा भाऊ एक वेळ घरी बसला तर चालेल, दिव्याच्या भावाला ती सोय नव्हती. आजीने त्याला हे शिकवलं होतं. इथे ओवाळणी टाकून माणसं फराळाला बसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पौषात एका दुपारी कान्हा रिकाम्या होडीने परतला. खाडीतल्या त्याच्या खुंटाला बांधलेलं जाळं कुणीतरी कापलं होतं. शाळेच्या मागेच जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवायचं खळं. गोजरा तिथे वाकून जवळा उलटत होती. माझा पाढ्यांचा तास चालू होता. किंकाळी ऐकू आली आणि मुलं खिडकीकडे धावली.

कान्हाने तिला केसांना धरून खळ्यावरून फरफटत नेलं होतं. जवळ्यावर लांब ओली रेघ उमटली होती. त्याच्या दुसऱ्या हातात दोर कापायचा कोयता होता. जाळं कुणाला दाखवलंस, असं तो ओरडत होता. ती हात डोक्यावर घेत होती. कोयत्याची मूठ तिच्या बोटांवर पडली. पुन्हा पडली. मी दारापर्यंत गेले आणि मागे पुतळा माझ्या साडीला धरून उभी होती, म्हणून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं.

जेटीकडून नंदकिशोर आला. धावत नव्हता, भराभर चालत होता. हातात वल्हं. कान्हाच्या समोर उभा राहून त्याने त्याच्या त्या पुस्तकी मराठीत सांगितलं, "कान्हादादा, मी आता भाऊ म्हणून उभा आहे. तिला सोडा."

कान्हाने कोयता फिरवला. नंदकिशोरच्या डाव्या कानाचा वरचा भाग उडाला. रक्त एकदम मानेवरून शर्टात गेलं, शर्टावरची फुलं दिसेनाशी झाली. त्याने वल्हं कान्हाच्या गुडघ्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला वर्गाच्या दारात ऐकू आला. कान्हा पडला. कोयता लांब गेला. तिथे हे संपायला हवं होतं.

संपलं नाही. नंदकिशोर मारत राहिला. पाठीवर, खांद्यावर, पुन्हा गुडघ्यावर. कान्हा आधी शिव्या देत होता, मग नुसता हुंकार देत होता. माझ्या वर्गात जोडाक्षर चुकलं तरी स्वतःच्या कानाची पाळी धरणारा तो मुलगा. त्याचा चेहरा मी पाहिला. कान्हाचा चेहरा आणि तो चेहरा यांत त्या वेळी फरक नव्हता.

वल्हं धरलं ते गोजराने. फुटलेल्या बोटांनी धरलं आणि त्यावर अंगाचा भार टाकला. "बास," ती म्हणाली. "मरल तो. मंग तू बी त्याच्यावानीच."

तेवढ्यात गाव धावून आलं. पाहुण्याने यजमानाला पाडलं, एवढंच त्यांनी पाहिलं. मी नंदकिशोरला वर्गात ओढलं, मुलांना मागच्या दाराने घरी पाठवलं आणि कडी लावली. दारावर दगड पडू लागले. कौलं फुटून फळ्यावर आली. तो भिंतीला टेकून बसला होता, कानाला माझा डस्टर लावून. तो मला एकच विचारत होता, दादांचा पाय जाईल का.

दगड थांबवले ते शिवा पाटलांनी. कान्हाचे चुलते, गावात त्यांचा शब्द चालायचा. शाळेसमोरच्या देवळापुढे सगळे बसले. कान्हाला खाटेवर आणलं होतं. शुद्धीत होता. शिवा पाटलांनी नंदकिशोरला उभं केलं. कान्हाच्या घरचं अन्न खाल्लेला पाहुणा त्याच्यावर हात उचलतो, तर त्याला गाव जिवंत सोडणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "पर बहिनीसाठी भाऊ आला असंल, तर गोष्ट येगली. दोन्ही नाती एका मानसाला नाय मिलत. तू कोन?"

नंदकिशोर म्हणाला, "भाऊ."

कुणीतरी हसलं. शेवंताबाई ओरडली, की तो खेळ होता, पोराचं मन राखायला केलेला. शिवा पाटलांनी गोजराकडे पाहिलं. तिने खेळ म्हटलं असतं, तर त्या मुलाला गावाने तिथेच ठेचलं असतं. भाऊ म्हटलं असतं, तर कान्हाच्या घराचं दार तिला बंद झालं असतं, आणि याच्याकडे तिला न्यायला इथे एक खोलीही नव्हती. तिने पुतळाला जवळ ओढलं.

"माजा भाऊ हाय," ती म्हणाली. "मी ववाललंय त्याला."

"मंग ने तिला," शिवा पाटील नंदकिशोरला म्हणाले. "भावाचं घर लागतं. तुजं घर समुद्रापल्याड."

"इथे करतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी पोलीस आले. कान्हाने सांगितलं, होडीतून खुंटावर पडलो. नंदकिशोरने सांगितलं, कानाला दोर घासला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

परतीचं तिकीट त्याने वाया जाऊ दिलं. तळोज्याला एका कारखान्यात हमाली धरली, इथे राहायच्या कागदपत्रांसाठी पुढे वर्षानुवर्षं खेपा घातल्या, पण त्याआधीच नावडे गावात एक खोली भाड्याने घेऊन गोजराला आणि पुतळाला आणलं. लोक बोलायचे ते बोलले. दगड इथेही एकदोनदा आले. एकदा तर कोयता घेऊन माणसं आली, कान्हाच्या नात्यातली. गोजरा दारात मोरळी, म्हणजे विळी, घेऊन बसली आणि मासे कापत राहिली. ती माणसं बाहेरूनच परतली.

पुढच्या दिवाळीला कान्हा काठी टेकत आला, बायकोला न्यायला. नंदकिशोरने त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, जावयाला वाढावं तसं वाढलं. मग आत जाऊन गोजराला विचारलं. ती म्हणाली, नाही. त्याने बाहेर येऊन तेवढंच सांगितलं. कान्हाने ताटातलं संपवलं, हात धुतले आणि गेला. दर दिवाळीला येत राहिला. दर वेळी जेवला, दर वेळी एकटा परतला. एकोणनव्वदच्या पावसाळ्यात तो वारला. नंदकिशोर सारसोळ्याला गेला, तेव्हा खांदा द्यायला त्याला कुणी अडवलं नाही.

खापरपणजा देवजीचा पत्ता त्याला शेवटपर्यंत लागला नाही. कारखान्यात तो पुढे क्रेन चालवायला शिकला आणि तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. पुतळाचं मात्र लावून दिलं, मामा म्हणून अंतरपाटामागे तोच उभा होता.

आता तो नावड्यातच स्वतःच्या दोन खोल्यांत राहतो. पुढच्या खोलीत गोजरा सुका जवळा आणि बोंबील विकते.