धर्मपालजींच्या छपरीतला टॉवर

धर्मपालजींच्या घरातला टॉवर मी एका हाताने बंद पाडला. दुसऱ्या हातात चिवड्याची बशी होती.

झालं असं, की ती पेटी न्यायलाच मी दिग्रसहून त्यांच्या गावी गेलो होतो. 'या अन् डबा घेऊन जा,' असा खुद्द मालकाचा निरोप होता. पोहोचलो, जयभीम झाला, त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, हातात बशी दिली, आणि छपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकणारी ती पेटी दिसताच माझ्यातला एसटीचा निवृत्त कारकून जागा झाला. वस्तू ताब्यात घ्यायला कारकुनाला उशीर होत नाही. उशीर होतो तो द्यायला. मी प्लग उपटला.

छपरीत एकदम कालवा झाला. "हॅलो? हॅलो!" एका बाईचं सोयरिकीचं बोलणं मुलीच्या उंचीवर येऊन तुटलं. जिनिंगच्या दलालाशी भांडणारा एक जण उरलेली शिवी हातात घेऊन उभा राहिला. आणि खांबाला टेकलेले रामराव फोनकडे बघत नुसतेच म्हणाले, "गेला."

"मधातच कोनं बेल मारली?" आतून धर्मपालजी गरजले.

"तुमच्या बाबूनं," रुखमाबाईंनी चुगली केली.

धर्मपालजी बाहेर आले. पंचवीसेक वर्षं कंडक्टरी केलेला माणूस. अजूनही चालताना गाडी हलते आहे असं समजून पाय फाकून टाकतो. "बाबू," ते म्हणाले, "प्रवासी उतरल्याबिगर गाडी डेपोत नेता काय?"

मी घाईघाईने प्लग पुन्हा खोचला. पेटी तांबडा डोळा करून बसली. मी रामरावांची माफी मागायला लागलो, कारण त्यांचा फोन यवतमाळच्या दवाखान्यातला होता हे तोवर मला कळलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ फवारणी करता करता वावरात चक्कर येऊन पडला होता. दोन हजार सतराचा ऑक्टोबर तो. कपाशीची पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेलेली. औषध झाडावर मारायचं म्हटलं तरी ते तोंडावरच यायचं. एवढं करून बोंडात अळी ती अळीच.

"असू द्या भाऊ," रामराव म्हणाले. "मेन गोष्ट ऐकू आली. आज डोये उघडले म्हणते त्यानं. पेज बी प्याला वाटीभर. बुढीले सांगतो जाऊन."

आणि ते उठून जवळजवळ पळतच घरी गेले. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. चिवडा पुन्हा चविष्ट लागू लागला.

आता ही पेटी काय भानगड होती ते सांगतो. धर्मपालजींचं गाव फाट्यावरून आत, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे. गावात सगळं पोहोचलं. टीव्ही पोहोचला, कूलर पोहोचले, लग्नात डीजे पोहोचला. मोबाइलही घरोघरी आले. फक्त टॉवर, म्हणजे फोनची रेंज, मिळायचा नाही. तो पकडायला लोक टेकडीवर जायचे. संध्याकाळी टेकडीवर बघावं तर हात वर करून उभी असलेली माणसं. परक्याला वाटावं, गावात कुठलंतरी मोठं व्रत चालू आहे.

धर्मपालजींची मुलगी मैत्रेयी नागपूरला नर्सिंग शिकायला गेली. बापाला तिचा आवाज ऐकल्याशिवाय जेवण जात नसे आणि निवृत्तीनंतर गुडघे टेकडी चढू देत नव्हते. मग कोणीतरी सांगितलं, टॉवर घरी विकत मिळतो. ते नागपूरला गेले आणि सीताबर्डीवरून घेऊन आले. एक पेटी, एक लांबलचक वायर आणि माशाच्या काट्यासारखा एक अँटेना. घरावर पंचशील ध्वज होताच. त्याच्या शेजारी बांबू रोवला, काटा टेकडीच्या खिंडीकडे तोंड करून बसवला, आणि छपरीत फोनच्या पट्ट्या भराभर उभ्या राहिल्या. रुखमाबाईंनी पेटीला फूल वाहिलं नाही, पण मिठाई वाटली.

घरातला कूलर शेजाऱ्याला थंडावा देत नाही. टॉवरचं तसं नसतं. तो छपरीत कोणालाही मिळतो. आठवडाभरात अर्धं गाव तिथे. ज्या घरांनी या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं, त्यांच्या सुना छपरीत बसून माहेरी बोलू लागल्या, आणि बोलून घसा सुकला की पाणीही मागू लागल्या. धर्मपालजींना हे फार आवडायचं. "सरका पुढं, सरका पुढं, मांगं जागा हाय," असं ते दारातून ओरडत. मला फोनवर सांगत, "बाबू, रिटायर झालो पण गाडी भरून चालू हाय."

पण आपल्या घरी आपला फोन लागत नाही म्हटल्यावर लोकांनी सोयऱ्याधायऱ्यांना धर्मपालजींचा नंबर देऊन ठेवला. आणि इथे त्या पेटीने घात केला. चांगल्या बातमीला घाई नसते. बारसं, साखरपुडा, बैलजोडी घेतली, हे माणूस छपरीत येईल तेव्हा त्याला कळलं तरी चालतं. शेजारच्या नंबरावर फोन करून 'जरा सांगता का' असं म्हणायची वेळ एकाच बातमीवर येते. आणि कापसाची ती वर्षं अशी, की ती बातमी वरचेवर येऊ लागली. कोणाचा जावई विहिरीत, कोणाचा मावसभाऊ आढ्याला लटकलेला.

धर्मपालजी निरोप घेऊन जात. ते तोंडाने काही सांगत नसत. "फोन आलता, चाला जरा," एवढंच.

इथे त्यांच्या वडिलांचं सांगितलं पाहिजे. गावात कोणी मेलं की मढ्याचा सांगावा घेऊन गावोगाव चालत जायचं, हे काम त्यांच्या घराण्याकडे होतं. हातात काठी, दुसऱ्या गावी अंगणाबाहेर उभं राहायचं, बातमी सांगायची, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायचं, परत फिरायचं. छप्पन्न साली वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि ती काठी त्यांनी चुलीत घातली. पुढच्या मयतीला बोलावणं आलं, तेव्हा दारातूनच म्हणाले, "माणूस गेलं त्याचं वाईट वाटते, पण सांगावा आता तुमचा तुमी न्या." डेपोत डबा खाताना धर्मपालजी हे मला सांगत आणि वर म्हणत, "बापानं मेलेल्याचा सांगावा सोडला, बाबू. मी जित्यायले घेऊन जातो. तेबी तिकीट फाडून."

आणि आता त्याच घरात, त्याच कामाला, त्या पेटीची तार येऊन पोहोचली होती.

त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण पेढ्यांचं झालं. मैत्रेयीला नागपुरात नोकरी लागली, म्हणून हे बापडे पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघरी निघाले. रामरावांच्या फाटकाशी पोहोचले आणि अंगणात तूर पाखडत बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईने मान वर करून पाहिलं. धर्मपालजी आपल्या घराकडे येताना दिसले. सूप फेकून तिने कपाळ बडवायला सुरुवात केली. "कोन गेलं रे धर्मपाल? माह्या लहानग्याले काय झालं?"

लहानगा, म्हणजे रामरावांचा हाच धाकटा भाऊ, तेव्हा मागच्या दारी बैल धूत होता. त्याला ओढून पुढे आणला तरी म्हातारीची छाती खालीवर होत राहिली. शेवटी तिने रडत रडतच पेढा खाल्ला. "गोड हाय," म्हणाली आणि पुन्हा रडली.

धर्मपालजी उरलेले पेढे घेऊन घरी आले. त्यानंतर ते गल्लीतून फिरेनासे झाले. किराणा आणायलासुद्धा मागच्या पांदणीने जायचे. गल्लीत पाऊल टाकलं की बाया हातातलं काम थांबवून हे कुठल्या दाराशी थांबतात ते बघत. पंचवीस वर्षं ज्याची वाट लोकांनी फाट्यावर उभं राहून पाहिली, त्या माणसाला आता कोणाच्या दारात यायची चोरी झाली. रुखमाबाईंनी धोशा लावला, "काढा तो डबा. पोरगी नोकरीले लागली. आपन आईतवारी दिग्रसले जाऊन बोलत जाऊ तिच्यासंगं." आणि म्हणून मला निरोप. माझ्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत टॉवर मिळत नाही, हे मी कधीतरी सहज बोललो होतो. निवृत्तांच्या तक्रारी कोणी ऐकत नाही असं आपल्याला वाटतं, धर्मपालजी ऐकतात.

तर आम्ही चहा घेतला. पेटी पुन्हा हिरवी झाली होती. छपरी रिकामी झाली. धर्मपालजी पेटीकडे बघत म्हणाले, "चाला. आता काढा. कोनी नाही गाडीत."

"नक्की ना?" मी विचारलं.

"आता काय तिले हार घालाचा हाय काय? काढा."

"मैत्रेयीशी शेवटचं बोलून घ्या."

"तिची ड्युटी हाय." मग वायरीवरची धूळ पुसत, "सकाळीच बोललो."

मी उठलो. या वेळी रीतसर, बशी खाली ठेवून, प्लगला हात घातला. तेवढ्यात धर्मपालजींच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी नंबर बघितला आणि मला हातानेच थांबवलं. "हां बाई, बोल. दवाखान्यातच हाय ना?" ते म्हणाले. बराच वेळ ऐकत राहिले. "हो… हो. तुयाजवळ कोनी हाय का तेथं? … रडू नोको म्हणत नाही मी. रड. … हो. सांगतो मी."

फोन खिशात गेला.  रुखमाबाई आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन आल्या. धर्मपालजी पाणी प्यायले. मग खाली बघून चपला शोधू लागले. एक पायाजवळ होती, दुसरी माझ्या खुर्चीखाली.

"वाटीभर पेज प्याला म्हणत होते ना?" मी म्हणालो.

"प्याला असन."

गल्लीच्या टोकाला रामरावांचं घर. तिथे आत्ता म्हातारीला पेजेची गोष्ट दुसऱ्यांदा सांगून होत असेल. मला राहवलं नाही. "धर्मपालजी, तुम्ही नका जाऊ. मी जातो."

"तुम्हाले कोन ओयखते तेथं? बुढी समजन विमावाला आला." चपलेचा अंगठा नीट बसेना, ते वाकून तो बसवत होते. "अन् तो प्लग सोडा. आता फोनवर फोन येतीन त्या घरचे."

माझा हात अजून प्लगवरच होता. मी तो काढून घेतला. ते पायऱ्या उतरले. पेढे घेऊन गेलेला माणूस आणि आता जाणारा माणूस म्हातारीला एकसारखाच दिसणार, हे मला दिसत होतं. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलो आणि बोलू नये ते बोललो. अशी वाक्यं माझ्या तोंडून नेमकी फाटकातच निघतात.

"तुमच्या वडिलांनी ती काठी चुलीत घातली. आणि तुम्ही पुन्हा तेच काम करायला निघालात?"

ते थांबले नाहीत. मागेही वळले नाहीत.

"बापाले धाडत होते, मी माह्या मनानं जाऊन राह्यलो."