चष्मा पुसून होईपर्यंत

आमच्या लातूरच्या घरात तंबोऱ्याच्या तारा कधी बदलायच्या, हे आईचा चष्मा ठरवायचा. खंडेनवमीला तंबोऱ्यावर झेंडू वाहून तो आडवा ठेवायचा, त्या दिवशी त्याला कुणी छेडायचं नाही. दसऱ्याला सकाळी आई तो मांडीशी उभा धरी, खर्जाची तार छेडी आणि पदराने चष्मा पुसायला घेई. दोन्ही काचा पुसून चष्मा नाकावर चढेपर्यंत नाद टिकला, तर तारा अजून वर्षभर चालणार. आधीच विरला, तर "मेल्या" म्हणून ती तारा उतरवायला लागे. गाण्याच्या शिकवणीला येणाऱ्या मुली या परीक्षेला आडून हसत. मीही हसायचे. वडिलांना सूर आणि सायकलची घंटी यांतला फरक कळत नसे, पण तेवढ्यापुरता तेही पेपर खाली ठेवत. ती सकाळ मला अजून फार आवडते.

आता मी नांदेडला असते. वडील राहिले नाहीत, शिकवणीही बंद झाली, पण दसऱ्याला मी आईकडे जातेच. यंदा तिने तार छेडली, एक काच पुसली आणि थांबली.

"मेल्या," ती म्हणाली.

मला तर नाद स्वच्छ ऐकू येत होता. पण आईशी सुरावरून वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी मुकाट्याने नव्या तारा चढवल्या, घोडीवरचं सूत सरकवत जवारी, म्हणजे तारेची गुंज, अशी लावली की खोली भरून गेली. मग तिने पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हा एकच काच.

"ह्या बी गेल्या?"

तार गुंजतच होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला आणि आतली थरथर हाताला लागत होती तोवर उचलला नाही.

ती रडली नाही. सणाच्या दिवशी तोंड पाडून बसू नकोस म्हणून उलट मलाच दटावलं, आणि तंबोरा माझ्याकडे सरकवला.

"आता तारांचं तू सांगत जा. मी नुसता चष्मा पुसते."

मी खर्ज छेडला. तिने राहिलेली काच पुसायला घेतली आणि नाद विरून मी मान हलवेपर्यंत, माझ्याकडे बघत, पुसत राहिली.