आखाजीचा मुऱ्हाळी

भास्कर बोलत नव्हता. आणि तो बोलत नाही तोवर आमच्या हातात एक टेम्पो आणि त्याचा हा ड्रायव्हर, यापलीकडे काही नव्हतं.

टेम्पोत ग्रे कापडाचे ताके होते. ग्रे म्हणजे मागावरून नुकतंच उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कापड. सुरतेच्या उधन्यातून भेस्तानकडे असे टेम्पो दिवसभर जात असतात, त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही बघत नाही. या टेम्पोतल्या काही ताक्यांच्या आत एमडीच्या पिशव्या निघाल्या. एमडी म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पूड. माल ‘कमर्शियल क्वांटिटी’चा होता. प्रत्येक अमली पदार्थासाठी कायद्याने एक मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की जामीन जवळजवळ विसरायचा, आणि शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. भास्करला हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा खाली घातली.

मी तेव्हा सुरतेत सरकारी वकील होतो. तपास शैलजाबेनकडे होता. शैलजा बाविस्कर, पोलीस इन्स्पेक्टर. वडील उधन्याच्या मिलमध्ये कामाला, मूळ गाव अमळनेरकडचं. गुजरातेत बाई ऑफिसात शिरली की तिची बेन होते, तशी त्यांचीही झाली. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून हे लिहितो आहे. एखादा परिच्छेद होतो, मग आठवडाभर हात पुढे सरकत नाही. खटल्यातल्या माणसांची नावं बदलली आहेत.

माल कोणाचा, हे आम्हाला ठाऊक होतं. सिद्ध करता येत नव्हतं. भेस्तानमध्ये एक घर होतं. घरातल्या कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणत. एम्ब्रॉयडरीची मशिनं, दोन मुलगे, नातवंडं. कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवात मांडव अण्णांचा. कोणाचं लग्न अडलं की अण्णा उभे. त्या घरातल्या कोणाला पोलिसांनी कधी पानाच्या टपरीवरसुद्धा रेंगाळताना पाहिलं नव्हतं.

या घराची शिस्त मी कागदावरून अभ्यासली आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती पाहून थक्क झालो होतो. फोनवर धंद्याचा एक शब्द नाही. माल घरात नाही, पैसा घरात नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या आधीचा आणि आपल्या पुढचा माणूस माहीत. आणि साखळीतला प्रत्येक माणूस नात्यातला. नात्यातला नसेल, तर आधी नातं जोडायचं आणि मग काम द्यायचं. भास्कर आधी साधा टेम्पोवाला होता. त्याची मुलगी ज्योती अण्णांच्या धाकट्या मुलाला दिली, आणि त्यानंतर त्याला ‘ते’ ताके मिळू लागले.

पहिल्याच तारखेला भास्करच्या बाजूने शहरातले नावाजलेले वकील उभे राहिले. टेम्पो ड्रायव्हरला परवडणारे नव्हेत. त्याने त्यांना बोलावलंही नव्हतं. अण्णा समाजात सांगत होते की माझा व्याही निर्दोष आहे, त्याला गोवलंय, मी त्याच्या पाठीशी उभा आहे. ऐकणाऱ्यांना केवढा मोठेपणा वाटे. वकिलाचं खरं काम मात्र भास्करवर नजर ठेवण्याचं होतं.

वरच्या साहेबांना घाई होती. “बेन, रेड क्यारे?” रेड कधी, असं ते रोज विचारत. शैलजाबेन म्हणत, “साहेब, त्या घरात आज रेड टाकली तर साखर आणि चहापत्ती मिळेल.” साहेब चिडत. पण त्यांनाही ते खरं वाटत असावं, कारण हुकूम कधी सुटला नाही.

शैलजाबेन वेगळ्याच गोष्टीच्या मागे होत्या. जेलमध्ये भास्करला भेटायला कोण येतं, यापेक्षा कोण येत नाही, हे त्या बघत होत्या. बायको मंगलबाई नेमाने येत. मुलगी एकदाही आली नव्हती. एके दिवशी भेटीनंतर मंगलबाई जेलच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी शैलजाबेनबरोबर होतो. वाटलं, आता नवऱ्याबद्दल विचारतील, मालाबद्दल विचारतील. त्यांनी अहिराणीत एवढंच विचारलं, “आखाजीले पोर येस ना घर?”

मंगलबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “दोन आखाज्या गयात, ताई. पोर उनी नही.”

माझं घराणं कोल्हापूरकडचं. अक्षय्यतृतीया मला आमरसापुरती माहीत. परतताना जीपमध्ये शैलजाबेननी मला समजावलं. खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. माहेरचा माणूस मुलीला घ्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. गरिबातली गरीब सासूसुद्धा सुनेला आखाजीला अडवत नाही. अडवली तर गाव थुंकतं.

“सुनेला दोन वर्षं आखाजीला पाठवत नाहीत, याचा अर्थ ती तिथे सून म्हणून नाही, वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या. “तारण म्हणून आहे.”

तेव्हा मला भास्करचं गप्प बसणं कळलं. त्याला शपथ घातली नव्हती, धमकीही दिली नसेल. गरजच नव्हती. लेक आणि तिची तान्ही मुलगी त्या घरात होत्या. साखळीतल्या प्रत्येक माणसाची कोणीतरी लेक किंवा बहीण त्या घरात किंवा त्यांच्या भाऊबंदांकडे दिलेली होती. एवढ्या वर्षांत एकही माणूस का फुटला नव्हता, त्याचं उत्तर हे होतं.

मी माझ्या पद्धतीने सुचवलं. कोणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर कोर्टाकडून सर्च वॉरंट घेता येतं. पोलीस जातात, माणसाला कोर्टापुढे आणतात.

“आणि कोर्ट विचारेल, बाई, तुला डांबलंय का?” शैलजाबेन म्हणाल्या. “दारात सासू बाळ घेऊन उभी असेल. पोर काय सांगेल? मी सुखात आहे म्हणेल. पुढे तिचं काय होईल, ते तुम्ही मला सांगा.”

मी वॉरंटचा विषय सोडला.

अडचण आणखी एक होती. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. भास्करला बोलायचं असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे बोलावं लागणार. त्यासाठी जेलमधून अर्ज करायचा. मॅजिस्ट्रेट त्याला आधी विचार करायला वेळ देतात, कोणाचा दबाव नाही ना याची खात्री करतात. हे योग्यच आहे. पण तेवढ्या वेळात बातमी भेस्तानला पोचणार. म्हणजे ज्योती आधी बाहेर यायला हवी, आणि अण्णांना संशय न येता.

शैलजाबेननी अमळनेरकडून ज्योतीच्या सख्ख्या मामांना बोलावून घेतलं. धनराजमामा. टोपी, धोतर, मोठा आवाज. मी विचारलं की त्यांना काय शिकवायचं. त्या म्हणाल्या, काहीच नाही. मामा खरा आहे, सण खरा आहे, भाचीला न्यायची इच्छा खरी आहे. यात एकही खोटी गोष्ट घालायची नाही. पोलीस गल्लीच्या आसपास फिरकणार नाही. फक्त मामांनी सकाळी जायचं, पापड-कुरडयांची वेळ धरून.

पुढचं मी मामांच्या तोंडून ऐकलं, एकदा ऑफिसात आणि एकदा कोर्टात. दोन्ही वेळा त्यांनी ते रंगवूनच सांगितलं.

गल्लीतल्या बायका खाटांवर कुरडया घालत होत्या. मामा पिशवीत साडी, बाळाला झबलं आणि गावचे आंबे घेऊन अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की मी ज्योतीचा मुऱ्हाळी आहे. अण्णांनी पाणी दिलं, चहा दिला. मग हळूच म्हणाले की ऊन फार आहे, पुढच्या महिन्यात पाठवू. मामा म्हणाले, पुढच्या महिन्यात आखाजी नसते. अण्णा म्हणाले, पोरीचा बाप जेलमध्ये, यंदा माहेरी कसला सण?

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी खाटेवरून वर न बघता म्हणाली, “बाप आत गेला म्हणून माहेर पण आत गेलं का हो, अण्णा?”

बायका हसल्या. दुसरीने आठवण करून दिली की व्याही निर्दोष आहे, असं अण्णाच तर सांगतात. मग निर्दोष माणसाच्या लेकीने तोंड का लपवायचं? तिसरीने कानबाईच्या मांडवाचं नाव काढलं. म्हणे, देवीचा सण दणक्यात आणि घरच्या लक्ष्मीला दोन वर्षं माहेर नाही. अण्णांच्या बायकोने आत जाऊन दार लोटलं. अण्णा ओट्यावरच राहिले, सगळ्यांच्या समोर.

त्यांनी शेवटचा डाव टाकला. ज्योतीला न्या, म्हणाले, पण एवढ्या उन्हात तान्ह्या पोरीचे हाल नकोत. तिला इथेच राहू दे.

बाळ मागे राहिलं असतं तर ज्योती गेली काय आणि राहिली काय. पण उत्तर मामांना द्यावंच लागलं नाही. ती म्हातारी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की. दूध अण्णा पाजतील.”

त्यानंतर गल्लीत जे हसू झालं, त्याच्यापुढे कोणाचंच काही चाललं नसतं. ज्या माणसाचा सगळा धंदा चारचौघांसारखं दिसण्यावर उभा, त्याला चारचौघांसमोर नाही म्हणता आलं नाही. ज्योती बाळ घेऊन बाहेर आली. नवरा उधना स्टेशनपर्यंत सोडायला गेला. तिकिटं त्यानेच काढली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

त्याच डब्यात साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन शैलजाबेन बसल्या होत्या. नवापूर मागे पडेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग शेजारी सरकून आपण कोण ते सांगितलं. ज्योती घाबरली नाही. तिने विचारलं, “बाबा बोलले का?”

“नाही. तुझी वाट बघताहेत.”

ज्योती रडली, आणि मग बाळाला पाजायला घेतलं. हे मला शैलजाबेननी सांगितलं.

पुढचं भराभर झालं. मंगलबाई जेलमध्ये भेटीला गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या की पोर बाळासकट सुखरूप मामाकडे आहे. भास्करने त्याच दिवशी अर्ज लिहून मागितला. मॅजिस्ट्रेटनी वेळ दिला, पुन्हा पुन्हा विचारलं, मग जबाब घेतला. त्याने आपल्या आधीचा माणूस सांगितला आणि पुढचा सांगितला. त्या दोघांच्या लेकीबाळींची व्यवस्था शैलजाबेननी आधी केली आणि मग त्यांना हात लावला. साखळीच्या टोकाला अण्णा होते. भास्करला कोर्टाने माफीचा साक्षीदार केलं. म्हणजे स्वतःचा गुन्हा आणि बाकीच्यांचा, दोन्ही पूर्ण खरे सांगायचे, त्या बदल्यात शिक्षा माफ. खटला संपेपर्यंत मात्र जेलमध्येच राहायचं. तो राहिला.

ज्योतीला साक्षीला आणू, असा माझा आग्रह होता. घरात राहिलेली सून, याहून चांगला साक्षीदार कुठला? शैलजाबेननी साफ नकार दिला. “एका सुनेला कोर्टात उभी केलीत तर पुढची सून घराबाहेर पाय टाकणार नाही,” त्या म्हणाल्या. मी वाद घातला आणि हरलो. ज्योतीचं नाव साक्षीदारांत आलं नाही. ती आता अमळनेरला शिवणाचे क्लास घेते. मुलगी शाळेत जाते.

बचावाची सगळी भिस्त एका मुद्द्यावर होती. पोलिसांनी मुलीला पळवून नेलं आणि बापावर दबाव आणला. म्हणून त्याचा जबाब बाद ठरवावा. मुद्दा लागू पडला असता तर खटला तिथेच कोसळला असता. शैलजाबेन साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. बचावाच्या वकिलांनी आवाज चढवून विचारलं की त्या घरात शिरायची परवानगी तुम्ही कोणाकडून घेतली होती.

“मी त्या घरात शिरलेच नाही.”

“मग मुलगी बाहेर कशी आली?”

“सणाला माहेरी गेली.”

“कोणी नेली?”

“मामांनी. सासऱ्यांना विचारून.”

“आणि तिकीट? पोलिसांनी काढलं?”

“तिच्या नवऱ्याने काढलं,” शैलजाबेन म्हणाल्या, आणि आरोपींच्या बाकाकडे बघितलं. “ते इथे बसले आहेत. विचारा.”

जजसाहेबांनी स्टेनोला गुजरातीत सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोर्टाने भास्करचा जबाब ग्राह्य धरला. अण्णा आणि दोन्ही मुलगे दोषी ठरले. अपिलातही निकाल टिकला.

नव्या वकिलांना मी एवढंच सांगतो. साक्षीदार का बोलत नाही, हे त्याला विचारू नका, त्याच्या घरात कोण नाही ते बघा. आणि तपासात खोटं मिसळू नका. आपण मिसळलेल्या प्रत्येक खोट्यावर उलटतपासणी तासभर लांबते. शैलजाबेनची जेवणाच्या सुट्टीआधी संपली.